चित्रकलेचा तास व कोरा फळा

दुसरीच्या मुलांस ‘चित्र काढा’ असे सांगितले, की बहुतेक पाट्यांवर एकच देखावा उमटतो: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी व नारळाचे झाड. इंदापूरकडील मुलाने हा देखावा पाहिलेला नसतो. त्याचा सूर्य उसाच्या तुऱ्यांमागून उगवतो. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी त्याने डोळे भरून पाहिलेले असतात. मग हे डोंगर आले कोठून? आपल्याच फळ्यावरून!

नमुना उतरविल्याने हात वळतो खरा, परंतु डोळा निजतो. व्हिएन्ना येथे फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांचा चित्रवर्ग सुरू केला, तेथे नमुने गिरविण्यास स्थान नव्हते. आपल्याकडेही २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाविषयास शाळेत मानाचे स्थान दिले. तरी हा तास गणितास उसना देण्याची आपली सवय सुटत नाही.

प्रथम मुलांस दहा मिनिटे बाहेर न्यावे. गाडीतील उसाची रास बैलाहून उंच आहे की ठेंगणी, बाभळीची सावली कोणीकडे पडली, असे विचारावे. वर्गात परतल्यावर फळा कोरा ठेवावा. हे मुलांपेक्षा शिक्षकास अवघड जाते. सहा-सात वर्षांचे मूल आईला घराहून मोठी काढते, विहिरीतील मासे बाहेरून दाखविते. त्यास जे महत्त्वाचे वाटते व ठाऊक असते, ते ते काढते. प्रमाणाची जाण पुढे येते. तेथे लाल शाई फिरवू नये.

रंगपेटीवाचून अडत नाही. कोळसा, गेरू, विटेचा चुरा व खोक्यांचे पुठ्ठे पुरतात. हळदीत चुन्याची निवळी पडताच लाल रंग येतो, तेव्हा वर्ग हरखून जातो. मात्र चुना शिक्षकानेच हाताळावा. तो डोळ्यांस अपायकारक आहे.

बारामती औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या शाळांत परप्रांतीय कामगारांची मुले येतात. मराठी न कळणारे मूल मागल्या बाकावर मुके बसते व आपण त्यास मंद समजतो. त्याच्या हाती कोळसा द्यावा. चित्र झाल्यावर ‘हे काय?’ असे न विचारता ‘याविषयी सांग’ म्हणावे. ते आपल्या बोलीत जे सांगेल, त्यातील एखादा शब्द व त्याचा मराठी प्रतिशब्द चित्राखाली ठळक अक्षरांत लिहावा. दुसऱ्या दिवशी वाचनाचा आरंभ त्याच दोन शब्दांनी करावा.