विद्युत्-अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण : एका रोहित्राच्या आधाराने परिचय

१. रस्त्याकडेची पेटी

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात कोरमंगला ही मोठी वसाहत आहे. १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले तेव्हा कोरमंगला हे शहराबाहेरचे एक खेडे होते. आज तेथे दाट वस्ती, शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि संगणक-व्यवसायाच्या असंख्य कचेऱ्या आहेत. ह्या वसाहतीतील रस्त्यांनी हिंडताना कडेला, जाळीच्या कुंपणात उभी केलेली एक लोखंडी पेटी ठिकठिकाणी दृष्टीस पडते. तिच्या आत लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली व तेलात बुडवलेली तारांची वेटोळी असतात. तिला रोहित्र म्हणतात. ११,००० व्होल्ट दाबाने आलेली वीज ती सुमारे ४०० व्होल्टांपर्यंत उतरवते आणि आसपासच्या घरांस पुरवते.

ह्या पेटीच्या वेटोळ्यांत काहीही फिरत नाही. कान दिल्यास मंद गुणगुण तेवढी ऐकू येते. येणाऱ्याजाणाऱ्याचे तिच्याकडे लक्षही जात नाही. परंतु ही पेटी पुरती समजून घ्यावयाची असे एखाद्याने ठरविले, तर त्यास विद्यापीठातील विद्युत्-अभियांत्रिकीचा बहुतेक अभ्यासक्रम पुरा करावा लागेल. ह्या शाखेचा विद्यार्थी काय शिकतो, ते त्याने का शिकावयाचे आणि त्या शिक्षणाने त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, हे प्रस्तुत पाठात आपण त्या पेटीच्या आधारे पाहू.

२. दाब वाढवून वीज का पाठवावी?

पहिला प्रश्न असा की, घरात २३० व्होल्ट दाब पुरतो, तर रस्त्यापर्यंत ११,००० व्होल्टांची वीज आणण्याचे कारण काय? ह्याचे उत्तर एका लहानशा गणिताने मिळते.

समजा, १०० किलोवॅट शक्ती दूरच्या गावी पाठवावयाची आहे आणि तारांचा एकूण रोध २ ओहम आहे. १,००० व्होल्ट दाब ठेवला तर तारांतून १०० अँपिअर प्रवाह जाईल. तारा तापण्यात वाया जाणारी शक्ती ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते; म्हणजे येथे १०० × १०० × २ = २०,००० वॅट. पाठविलेल्या शक्तीचा पाचवा हिस्सा वाटेतच नाहीसा झाला! आता दाब दहापट, म्हणजे १०,००० व्होल्ट करा. प्रवाह १० अँपिअर होईल आणि नुकसान केवळ १० × १० × २ = २०० वॅट. दाब दहापट केल्याने नुकसान शंभरपटींनी घटले.

म्हैसूर संस्थानाने हे तत्त्व फार लवकर व्यवहारात आणले. कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत्-केंद्र उभारण्यात आले आणि १९०२ साली तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींस मिळू लागली. हे अंतर सुमारे १४७ किलोमीटर होते. त्या काळी इतक्या लांबवर वीज नेणे ही जगातही विरळा गोष्ट होती आणि उच्च दाबावाचून ती साधली नसती. महाराष्ट्रात १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईस वीज जाऊ लागली, आणि १९६२ साली कोयनेचे पहिले जनित्र सुरू झाले. ह्या सर्व योजनांच्या मुळाशी वरचे चार ओळींचे गणित आहे.

दाब चढविण्याचे आणि उतरविण्याचे काम रोहित्र करते. १८३१ साली मायकेल फॅरडे ह्यांनी दाखवून दिले की, वेटोळ्यातून जाणारे चुंबकत्व बदलत राहिले म्हणजे त्या वेटोळ्यात विद्युत्-दाब उत्पन्न होतो. रोहित्राच्या एका वेटोळ्यात दर सेकंदास ५० आवर्तने करणारा उलटसुलट प्रवाह सोडला की लोखंडी गाभ्यातील चुंबकत्व सारखे बदलते, आणि दुसऱ्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो. वेढ्यांची संख्या कमी असेल तर दाब कमी, अधिक असेल तर अधिक. चुंबकत्व बदललेच नाही तर दाबही नाही. म्हणून एकाच दिशेने वाहणाऱ्या स्थिर प्रवाहावर रोहित्र चालत नाही.

३. अभ्यासक्रमाची घडण

अभियांत्रिकीचा पदवी-अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो व त्याची आठ सत्रे पाडलेली असतात. बारावीपर्यंत गणित व भौतिकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांस प्रवेश-परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. तंत्रनिकेतनातील पदविका मिळवलेल्यांस एकदम दुसऱ्या वर्षात जाता येते. कर्नाटकातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या बेळगाव येथील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठास जोडलेली आहेत.

पहिल्या वर्षी मुख्यत्वे गणित, भौतिकशास्त्र, रेखाटन आणि कर्मशाळेतील काम असते. अनेक विद्यार्थ्यांस येथे निराशा वाटते. विजेचे नाव घेऊन आलो आणि कलनशास्त्रच करीत बसलो, असे ते म्हणतात. परंतु बदलत्या राशीचा हिशोब ठेवण्याचे शास्त्र म्हणजेच कलन होय, आणि रोहित्राचे कार्य तर बदलावरच चालते. दुसऱ्या वर्षी विद्युत्-मंडले, विद्युत्-चुंबकीय क्षेत्रे, मापनयंत्रे आणि इलेक्ट्रॉनिकी हे विषय येतात. तिसऱ्या वर्षी रोहित्र, जनित्र व मोटर ही यंत्रे, वीजवहन आणि नियंत्रणशास्त्र ह्यांचा अभ्यास होतो. चौथ्या वर्षी दोष उत्पन्न होताच वीज तोडणाऱ्या संरक्षक यंत्रणा, काही निवडीचे विषय आणि एखादा प्रकल्प असतो. विषयांचा क्रम विद्यापीठागणिक थोडाबहुत बदलतो. चौकट साधारणतः हीच राहते.

ह्या विद्येस बंगळुरात जुनी परंपरा आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत १९११ साली अध्यापन सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या विभागांत विद्युत्-तंत्रविद्येचा विभाग होता. त्याच संस्थेत १९४३ साली राजेश्वरी चटर्जी ह्या संशोधक विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून १९५३ साली त्या परतल्या आणि सूक्ष्मतरंग व आकाशक ह्या विषयांचे अध्यापन व संशोधन त्यांनी अनेक वर्षे केले. मद्रासजवळील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता ह्यांनी त्याच दशकात विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी घेतली. लहान वयात वैधव्य आलेल्या, पदरी मुलगी असलेल्या ह्या स्त्रीने पुढे वीजवाहिन्या व उपकेंद्रे ह्यांच्या आराखड्यांचे काम केले. हा अभ्यास मुलांचाच, असे मानण्यास त्या काळीही आधार नव्हता. आज तर मुळीच नाही.

४. काल्पनिक संख्येचे खरे काम

ह्या शास्त्रातील गणित कशासाठी असते, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

रोहित्रातून घरांकडे जाणाऱ्या तारांपैकी तीन तारांत एकमेकांपासून १२० अंशांनी मागेपुढे चालणारे तीन दाब असतात. चौथी तार उदासीन असते. तीनपैकी कोणत्याही दोन तारांमधील दाब ४०० व्होल्ट असेल, तर एक तार आणि उदासीन तार ह्यांमधील दाब ४०० भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २३० व्होल्ट भरतो. १.७३२ हे तीनचे वर्गमूळ होय. शाळेच्या त्रिकोणमितीत भेटलेली ही संख्या अशा रीतीने प्रत्येक घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचली आहे.

दुसरे उदाहरण पाण्याच्या पंपाचे. कोरमंगला भागातील सदनिकांच्या इमारतींत पाणी गच्चीवरील टाकीत चढविण्यासाठी विद्युत्-पंप असतात. पंपाच्या मोटरीत प्रवाह हा दाबाच्या किंचित मागे राहतो. त्यामुळे मोटर उपयुक्त कामास लागतो त्याहून अधिक प्रवाह ओढते. ५ किलोवॅट शक्तीसाठी २३० व्होल्टांवर सुमारे २२ अँपिअर पुरावेत. परंतु शक्तिगुणक ०.७ असल्यास सुमारे ३१ अँपिअर लागतात. हा वाढीव प्रवाह तारा व रोहित्र व्यर्थ तापवतो. योग्य मापाचे धारित्र जोडले की तो पुष्कळसा कमी होतो.

किती मापाचे धारित्र जोडावे, हे काढण्यास उणे एकच्या वर्गमुळाचा उपयोग होतो. गणितात ह्यास काल्पनिक संख्या म्हणतात. चार्ल्स स्टाइनमेट्झ ह्यांनी १८९३ साली उलटसुलट प्रवाहाची गणिते ह्या संख्यांनी सोडविण्याची रीत मांडली आणि पूर्वी पानेच्या पाने व्यापणारे हिशोब काही ओळींत बसू लागले. नाव काल्पनिक असले, तरी तिच्या हिशोबात चूक झाल्यास तापणारी तार खरीच असते.

५. पाणी, वीज आणि जबाबदारी

येथवर आपण काटकसरीचा विचार केला. आता त्याहून गंभीर गोष्टीकडे वळू. बंगळूरचे पावसाचे पाणी ज्या मोठ्या खोऱ्यांतून वाहून जाते, त्यांपैकी एक कोरमंगला-चल्लघट्टा खोरे होय. ह्या वसाहतीतील काही भाग सखल आहेत, आणि जोराच्या पावसात तेथील रस्त्यांवर व तळघरांत पाणी साचते. पाणी आणि वीज एकत्र आली म्हणजे विद्यार्थ्याच्या ज्ञानाची खरी परीक्षा होते.

पुष्कळांची समजूत अशी असते की, घरात फ्यूज आहे, म्हणजे माणूस सुरक्षित आहे. गणित करून पाहू. भिजलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टांनी त्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. ५ अँपिअरची फ्यूज-तार एवढ्याशा प्रवाहाने वितळणार नाही. परंतु माणसाचे हृदय बंद पडण्यास तो पुरेसा आहे. फ्यूज ही मुख्यतः तारांच्या रक्षणासाठी असते.

माणसाच्या रक्षणाचे उपाय निराळे आहेत. पहिला उपाय भूसंपर्काचा. यंत्राचे धातूचे आवरण जाड तारेने जमिनीशी जोडलेले असले, म्हणजे आतील तार आवरणास चिकटताच मोठा प्रवाह त्या तारेने निघून जातो, फ्यूज वितळते आणि वीज तुटते. दुसरा उपाय गळती ओळखून वीज तोडणाऱ्या कळीचा. घरात जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह एका लहान कड्यातून नेतात. दोन्ही समान असले तर त्यांची चुंबकत्वे एकमेकांस छेदतात. थोडासा प्रवाह कोणाच्या शरीरातून जमिनीत गेला की समतोल ढळतो, कड्यावरील वेटोळ्यात दाब उत्पन्न होतो आणि कळ उघडते. घरगुती वापराच्या अशा कळा ३० मिलिअँपिअरच्या फरकास निमिषार्धात वीज तोडतात. हे कडे म्हणजे रस्त्यावरच्या रोहित्राचेच धाकटे भावंड होय. दोघांच्याही मुळाशी फॅरडे ह्यांचा नियम आहे.

विद्युत्-अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा हेतू येथे स्पष्ट होतो. जे डोळ्यांस दिसत नाही त्याचा बिनचूक हिशोब करावयाचा, आणि त्या हिशोबावर अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून आहेत ह्याचे भान ठेवावयाचे. म्हणून प्रयोगशाळेतील काम ही अभ्यासाची पुरवणी नव्हे. मापकाची जोडणी स्वतः करणे, वीज बंद केल्यावरही ती खरोखर बंद आहे ह्याची चाचणी करूनच हात लावणे, आलेले उत्तर संभाव्य आहे की नाही हे ताडून पाहणे, ह्या सवयी पुस्तकातून लागत नाहीत. दुसऱ्याच्या वहीतील आकडे उतरवून घेणारा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होईल. परंतु त्याने उभारलेल्या वाहिनीखालून निर्धास्तपणे जाता येईल काय, हा प्रश्न उरतोच.

६. पदवीनंतर

कोरमंगला भागातील संगणक-कचेऱ्यांत विद्युत्-अभियांत्रिकीचे पदवीधरही काम करताना आढळतात. त्यांचे शिक्षण वाया गेले असे म्हणता येणार नाही. समस्येचे भाग पाडून विचार करण्याची शिस्त तेथेही उपयोगी पडते. तथापि केवळ ती वाट सोपी म्हणून मूळ विषय दुसऱ्या वर्षीच मनातून सोडून देणे हितावह नव्हे.

कारण मूळ विषयातील काम संपलेले नाही, उलट वाढले आहे. छपरांवरील सौर पट्ट्यांमुळे वीज घराकडून रोहित्राकडे उलटी वाहू लागली आहे. पूर्वी केवळ उतरणीच्या मार्गाचा विचार करून आखलेल्या वाहिन्या आता दोन्ही दिशांनी तपासाव्या लागतात. विजेवरच्या गाड्या रात्री एकाच वेळी भरण्यास लागल्या की रोहित्रांवरील भार वाढतो. कोरमंगला येथेच भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. आदित्य-एल१ ह्या २०२३ साली सोडलेल्या अवकाशयानावरील, सूर्याचे प्रभामंडल निरखणारे उपकरण ह्या संस्थेने सिद्ध केले. दूरच्या ताऱ्याचा मंद प्रकाश टिपणे आणि अवजड दुर्बीण त्या ताऱ्यामागोमाग अचूक फिरविणे, ह्यांत इलेक्ट्रॉनिकी व नियंत्रणशास्त्र ह्यांचा मोठा भाग असतो.

महाराष्ट्रातील वाचकांस जवळची अशी आणखी एक गोष्ट आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एकतालात चालू लागले. तेव्हापासून कोरमंगला येथील पंखा आणि सोलापूरचा पंखा एकाच जाळ्याच्या आवर्तनांवर फिरतात. एका ठिकाणी मोठे जनित्र बंद पडले तर त्याचा धक्का दुसरीकडच्या मापकावर क्षणात उमटतो. इतक्या विशाल यंत्राचा तोल प्रतिक्षणी सांभाळणारी माणसे विद्यापीठांतूनच घडावयाची आहेत.

७. स्वाध्याय

(१) ५० किलोवॅट शक्ती १ ओहम रोधाच्या तारांतून पाठवावयाची आहे. दाब ५०० व्होल्ट व ५,००० व्होल्ट असताना वाया जाणारी शक्ती काढा व तुलना करा.

(२) घरातील इस्त्री, पंखा व दिवा ह्यांवर छापलेली शक्ती वाचून प्रत्येकाचा प्रवाह काढा. दाब २३० व्होल्ट धरावा व शक्तिगुणक १ मानावा. पंख्याच्या बाबतीत हे उत्तर प्रत्यक्षाहून कमी का येते, ते चौथ्या परिच्छेदाच्या आधारे सांगा.

(३) विद्युत्-घटाचा स्थिर प्रवाह रोहित्रास दिल्यास दुसऱ्या वेटोळ्यात दाब का टिकत नाही?

(४) आपल्या शाळेत अथवा ग्रंथालयात भूसंपर्क आणि गळती-संरक्षक कळ आहे किंवा नाही, ह्याची शिक्षकांकडून वा जाणत्या वीजतंत्र्याकडून माहिती घ्या. स्वतः कोणतेही झाकण उघडू नये आणि रोहित्राच्या कुंपणात कोणत्याही कारणाने पाऊल टाकू नये.