ऑन, इन, ॲट... बस जरा, सांगते

तुझा मेल वाचला गं. वाळूजला परचेसमध्ये लागून तुला अजून वर्ष नाही झालं आणि व्हेंडरला इतकं मुद्देसूद लिहितेस, त्याबद्दल आधी शाब्बास! आणि खाली मला वेगळं लिहितेस, 'ताई, ते इन-ऑन-ॲट तेवढं बघ ना, मला मेलं काही कळतच नाही.' बघ, कळत नाही असं मुळीच नाही. बहुतेक ठिकाणी तू बरोबरच लिहिलंयस. जिथं घसरलीस तिथं मनात मराठी वाक्य होतं आणि बोटं इंग्रजी टाइप करत होती, एवढंच.

खरं सांगू का, ह्यात हुशारीचा प्रश्नच येत नाही. शाळेत 'स, ला, ते' घोकलं होतं ना आपण? आपल्याकडे आधी नाम येतं आणि मग त्याच्या मागे हे सगळं चिकटतं. टेबलावर, घरात, आईसाठी, बाबांबरोबर. इंग्रजीत हेच शब्द नामाच्या आधी येऊन उभे राहतात. आणि आपल्या ह्या गावात तर सवय मोडायची कुणी? शहागंजातला दुकानदार 'टेबल पे' म्हणणार, 'घर में' म्हणणार. उर्दू-हिंदीतही ते मागूनच. 1948 पर्यंत इथं निजामाचं राज्य, त्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण उर्दूतून शिकले. म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी हे शब्द आधी लावलेच नाहीत. शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत ह्योसंग ही कोरियन कंपनी आहे ना, त्या कोरियन भाषेतही ते नामाच्या मागेच लागतं. तेव्हा अडखळणारी तू एकटी नाहीस. उलट तू नशीबवान, 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची.

आता खरी गोम बघ. आपला एक 'ला' किती कामं करतो! पाचला भेटू, पाच तारखेला भेटू, पुण्याला गेले, नाशिकला राहते, स्टँडला उतरले. सगळीकडे 'ला'च. इंग्रजीत मात्र ॲट फाइव्ह, ऑन द फिफ्थ, टू पुणे, इन नाशिक, ॲट द बसस्टँड. म्हणून 'ला म्हणजे टू' असं जे कुणीतरी लहानपणी डोक्यात भरवलंय ना, ते आधी काढून टाक. ठरलेली वेळ असेल तर ॲट, वार किंवा तारीख असेल तर ऑन, महिना आणि वर्ष असेल तर इन. मग सकाळी म्हणजे इन द मॉर्निंग आणि रात्री म्हणजे ॲट नाइट असं का, ते मला विचारू नकोस. आहे तसं आहे. सासरच्या काही पद्धती आपण कारण न विचारता पाळतोच की.

सुटा शब्द पाठ करून काही होत नाही गं. इंग्रजी शब्द लिहून घेशील तेव्हा त्याच्या सोबतीसकट घे. वेट नको, वेट फॉर. लिसन टू. डिपेंड ऑन. गुड ॲट. इंटरेस्टेड इन. आणि मॅरिड टू. मी लग्नानंतर चांगली वर्षानुवर्षं 'मॅरिड विथ' सांगत हिंडले, नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही म्हणून कळलंच नाही मला. काही शब्दांना मात्र सोबती अजिबात खपत नाही, आणि आपण प्रेमाने लावतो. तू लिहिलंस 'वी डिस्कस्ड अबाउट द रेट'. त्यातला अबाउट काढ, नुसतं 'डिस्कस्ड द रेट'. 'अवर इंजिनिअर रीच्ड टू चाकण' मधला टू काढ. एंटर आणि आन्सर हेही त्यातलेच. आणि 'कोप अप विथ' तर आपल्याकडे इतकं रुळलंय की बरोबर वाटायला लागलंय, पण त्यात अप नसतो, नुसतं 'कोप विथ'. शेवटी तुझं 'आय ॲम वेटिंग युवर रिप्लाय' आहे ना, तिथे फॉर घाल, की झाला मेल.

थांब, एक राहिलं. 'वी आर वर्किंग विथ यू सिन्स थ्री इयर्स.' हे अख्खा महाराष्ट्र लिहितो. आपण 'तीन वर्षांपासून' म्हणतो आणि '2022 पासून'ही म्हणतो, दोन्हीकडे पासूनच. इंग्रजीत मात्र कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, आणि किती काळ चाललंय ते सांगायचं तर फॉर. सिन्स 2022, फॉर थ्री इयर्स. आणि वाक्याच्या सुरुवातीला 'वी हॅव बीन वर्किंग' असं कर.

ह्या सगळ्या चुका समोरचा समजून घेतो बघ. पण परचेसमध्ये काही जागा अशा आहेत की तिथे चुकलीस तर पैशांचा घोळ होईल. तिथे मी तुला ओरडणारच.

पहिली जागा 'पर्यंत'ची. शुक्रवारपर्यंत माल पाठवा, म्हणजे शुक्रवार किंवा त्याआधी कधीही पोचू दे, हे बाय फ्रायडे. गोडाऊन शुक्रवारपर्यंत उघडं आहे, म्हणजे तोवर उघडंच राहणार, हे टिल फ्रायडे. 'सेंड द मटेरियल टिल फ्रायडे' लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, रोज थोडं थोडं पाठवत राहायचंय की काय! दुसरी जागा दराची. समज शंभर रुपयांचा पार्ट आहे. 'रिड्यूस्ड बाय टेन रुपीज' म्हणजे दहा कमी झाले, नव्वद द्यायचे. 'रिड्यूस्ड टू टेन रुपीज' म्हणजे दहाच रुपयांना मिळाला. एका टूने ऐंशी रुपये गायब, आणि ऑर्डर हजार नगांची असली तर गुणाकार तूच कर. तिसरी जागा दिवसांची. 'इन टू डेज' ऐकून आपल्याला वाटतं दोन दिवसांच्या आत, पण सांगणाऱ्याच्या मनात बहुधा दोन दिवसांनी असं असतं. तुला आतच हवं असेल तर विदिन लिही. आणि खरं सांगू का, ह्या तीन जागी फुशारकी नकोच, सरळ तारीख आणि आकडा लिहून मोकळी हो. 'ऑन ऑर बिफोर' आणि पुढे तारीख, एवढं लिहिलंस की वादाला जागा उरत नाही.

बाहेरगावचा माणूस प्लांटला यायचा असला की तू पत्ता फोनवर सांगतेस ना? तिथे आपला 'समोर' दगा देतो. 'बाबा पेट्रोल पंपाच्या समोर थांबा' म्हटलं की आपल्या माणसाला कळतं. तू 'इन फ्रंट ऑफ द पंप' सांगितलंस तर तो पंपाच्या पुढ्यात, त्याच बाजूला उभा राहील, आणि तुझी गाडी रस्त्याच्या पलीकडे वाट बघत बसेल. मध्ये सगळा ट्रॅफिक. रस्त्यापलीकडे हवा असेल तर 'ऑपोझिट' म्हण. बाकी पत्त्याचं सोपं आहे. रस्ता असेल तर ऑन, जालना रोडवर म्हणजे ऑन जालना रोड. वस्ती किंवा शहर असेल तर इन, इन सिडको. नेमकी खूण असेल तर ॲट, ॲट टीव्ही सेंटर. पाहुण्यांना वेरूळला नेलंस तर कैलास लेणं 'इन केव्ह सिक्सटीन' नको म्हणूस, कैलास म्हणजेच सोळावं लेणं, तेव्हा 'कैलास इज केव्ह सिक्सटीन'. पैठण मात्र ऑन द गोदावरी, कारण गाव नदीकाठी वसलंय. आणि कंपनीच्या बसमध्ये असताना फोन आला तर 'आय ॲम ऑन द बस', रिक्षात असशील तर 'इन अ रिक्षा'. जिथे आत उभं राहून चालता येतं तिथे ऑन, कोंबून बसावं लागतं तिथे इन, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय, आणि बसला, ट्रेनला, विमानाला चालतंय. स्कूटीला लावू नकोस, ती ऑनच.

आता रोजचं काय करायचं ते ऐक. तक्ते भिंतीवर लावू नकोस, ते कुणी वाचत नाही. तुझ्या साहेबांचे, चांगल्या व्हेंडरचे मेल येतात, त्यातले अख्खे तुकडे उचल. विथ रेफरन्स टू, ऑन बिहाफ ऑफ, इन ॲडव्हान्स, इन केस ऑफ, ॲट द मोमेंट, ऑन लीव्ह, बाय मिस्टेक. हे तुकडे फोडायचे नाहीत, ओळीच्या ओळी तशाच वापरायच्या. साडीतून ब्लाउजपीस कापायच्या आधी आपण दहादा विचार करतो, तसंच. एका मेलमध्ये दोन नवे तुकडे घातलेस तरी पुष्कळ.

आणि साहेबाने 'ॲट द वीकेंड' लिहिलं नि अमेरिकेच्या ग्राहकाने 'ऑन द वीकेंड', तर गोंधळू नकोस. एक ब्रिटिश, एक अमेरिकन, दोघंही बरोबर. ज्यांची भाषा आहे त्यांचंच एकमत नाही, तर तू कशाला रात्री जागतेस?

मेल पाठवण्याआधी आकडे, तारखा आणि बाय-टू-टिल एवढंच दोनदा तपास, बाकी एकदा वाचून पाठव. आणि सोमवारच्या कॉलवर ऑनच्या जागी इन निघून गेलं तोंडातून, तर मध्येच थांबून सॉरी म्हणत बसू नकोस गं, पुढचं वाक्य बोल.