अंगठीच्या नाशानंतरची सहा प्रकरणे

चि. सुमेधा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. टॉल्किनच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये अंगठी ज्वालामुखीच्या अग्नीत पडली आणि शत्रूचे साम्राज्य कोसळले, तेथेच कथा संपली असताना लेखक उगाच रेंगाळतो, अशी तुझी तक्रार आहे, आणि उरलेली पाने नुसती चाळून ग्रंथ मिटावा काय, असे तू विचारतेस. तसे करू नकोस, असे मी आग्रहाने सांगतो, कारण माझ्या मते या कथेचा प्राण त्याच पानांत आहे.

अखेरच्या भागात नऊ प्रकरणे आहेत आणि अंगठीचा नाश तिसऱ्यातच होतो. पुढे अरागॉर्नचा राज्याभिषेक होतो, आर्वेनशी त्याचा विवाह होतो, आणि ज्या वाटांनी अंगठी वाहणारा फ्रोडो, त्याचा सोबती सॅम व इतर मंडळी जीव मुठीत धरून गेली, त्यांतल्या बऱ्याचशा वाटांनी ती आता संथपणे परततात व एकेका मुक्कामावर एकेका सोबत्याचा निरोप घेतात. आपल्या मायदेशाच्या, शायरच्या सरहद्दीवर पोचावे, तो तेथे फाटके बंद, भिंतीवर हुकूमनामे, धान्य वाटपाच्या नावाने जप्त, वृक्ष तोडलेले! जग वाचवून आलेल्यांना आपल्याच मुलखातला जुलमी अंमल उठविण्यासाठी पुन्हा उभे राहावे लागते. आणि त्या लढाईत फ्रोडो तलवार उपसत नाही, शरण आलेल्यांची हत्या होऊ नये एवढीच चिंता वाहतो. २००३ च्या चित्रपटात हे प्रकरण नाही, आणि तू चित्रपट आधी पाहिलास; तुझ्या अधीरतेचे मूळ तेथेही असावे.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच. ६ ऑक्टोबरला फ्रोडोच्या खांद्यात शत्रूचा सुरा घुसला होता. पुढल्या वर्षी परतीच्या वाटेवर त्याच दिवशी ती वेदना उठते, आणि त्याच्या पुढल्या वर्षी घरी, सुरक्षित असताना, पुन्हा. जखमेची तिथी फिरून येते हे वाचकाला उमगायचे, तर कथेत वर्षे सरावी लागतात. घाईच्या शेवटात ते साधणे अशक्य. टॉल्किन १९१६ साली सोमच्या रणांगणावर होता, आणि १९१८ पर्यंत त्याच्या निकटच्या मित्रांपैकी एकच हयात उरला होता. कथेला युद्धाचे रूपक मानू नये, असे त्याने स्वतःच बजावले आहे, व ते मी मानतो; तरीही विजयानंतर माणूस पूर्ववत् होत नाही, हे सत्य त्याने ऐकीव माहितीवरून लिहिले असेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा ही प्रकरणे रोज एक, याहून अधिक वाचू नकोस. परिशिष्टेही वगळू नकोस. त्यांच्याच तयारीपायी हा खंड लांबून १९५५ च्या ऑक्टोबरात निघाला. अरागॉर्न व आर्वेन यांची कथा पहिल्या परिशिष्टात आहे. आणि सॅमचे पुढे काय झाले, हे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस, त्याचे उत्तर दुसऱ्या परिशिष्टातल्या कालपटात, शायरच्या १४८२ सालाच्या नोंदीत आहे. ते मी येथे सांगत नाही. मधली सर्व साले वाचून तेथवर ये आणि मग मला लिही.

तुझा,
मामा