दार उघडले की कोणी उघडले? : फिनिश भाषेतील एक पाठ

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी फिनलंडला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने तेथील भाषेतील एक भेद आरंभीच समजून घ्यावा. फिनिशमध्ये दाराला 'ओवि' म्हणतात. 'ओवि आवाउतुइ' म्हणजे दार आपोआप उघडले. 'ओवि आवात्तीन' म्हणजे दार कोणीतरी उघडले. पहिले क्रियापद अकर्मक आहे, तर दुसरे सकर्मक क्रियापदाचे कर्मणी रूप आहे. आपल्या 'तुटणे–तोडणे', 'फुटणे–फोडणे' या जोड्या आठवल्यास हा भेद सहज उमगेल.

फिनिश कर्मणी रूपाचे वैशिष्ट्य असे, की त्यामागे कर्ता माणूसच असतो. मात्र त्याचे नाव सांगितले जात नाही. वादळात घर उद्ध्वस्त झाले, तर 'तालो तुहोउतुइ' म्हणावे. माणसांनी ते केले असेल, तर 'तालो तुहोत्तीन'. हे रूप अकर्मक क्रियापदांनाही लागते. 'नुक्कुआ' म्हणजे झोपणे. 'नुकुतान' म्हणजे लोक झोपतात. म्हणून 'सानोतान' याचे भाषांतर 'म्हटले जाते' असे करण्यापेक्षा 'म्हणतात' असे करणे अधिक योग्य ठरते. आपल्या 'म्हणतात' मध्येही कर्ता माणूसच असतो आणि तो अनामच राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या भेदाचे मोल विशेष आहे. 1918 च्या फिनलंडमधील यादवी युद्धात 'मिएहेत आम्मुत्तीन' म्हणजे पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या. येथे मारणाऱ्याचे नाव नाही, पण मारणारा होता हे क्रियापदच सांगते. युद्धानंतर बंदी-छावण्यांत हजारो कैदी भूक व रोगराईने मरण पावले. त्यांच्याविषयी 'कुओलिवात', म्हणजे 'मेले', हे अकर्मक रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यांना उपाशी कोणी ठेवले, हा प्रश्न त्या रूपात उमटत नाही.

आपल्याकडेही 'अस्पृश्यांना चवदार तळ्याचे पाणी मिळत नव्हते' आणि 'पाणी घेऊ दिले जात नव्हते' ही दोन वाक्ये समान नव्हेत. पहिल्यात ती जणू निसर्गाची टंचाई वाटते. दुसऱ्यात माणसांनी घातलेली बंदी दिसते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे ओंजळीने पाणी प्राशन केले, ते ही बंदी मोडण्यासाठी.

विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील एक पान घ्यावे, त्यातील अकर्मक क्रियापदे अधोरेखित करावीत आणि प्रत्येकापुढे विचारावे : हे घडले, की कोणी घडवले? कोणी घडवले असेल, तर ते वाक्य कर्त्यासह पुन्हा लिहावे.