वर्गात विचारलेला एक प्रश्न आणि गव्हर्नर एडवर्ड कोल्स



मंडळाच्या मागच्या अभ्यासबैठकीत आपण अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबद्दल बोलत होतो. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, सगळी माणसं समान असं लिहिणारे जेफरसन स्वतः गुलाम ठेवत होते ना? मग लिहिताना त्यांचा हात अडखळला नाही?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. खरं सांगायचं तर घंटा झाली नसती तरी माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

घरी गेल्यावर आठवलं, की हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी आणखी एका वर्गात विचारला गेला होता. विचारणारा मुलगा जेफरसनांच्याच परगण्यातला. पुढे तो इलिनॉय राज्याचा गव्हर्नर झाला. त्याचं नाव एडवर्ड कोल्स. आज त्यांच्याविषयी लिहिते.

कोल्स यांचा जन्म १५ डिसेंबर १७८६ रोजी व्हर्जिनियात, एका श्रीमंत जमीनदार घराण्यात झाला. घरची मोठी शेती, आणि ती गुलामांच्या घामावर चाललेली. १८०५ मध्ये ते विल्यम अँड मेरी कॉलेजात दाखल झाले. कॉलेजचे प्रमुख होते बिशप जेम्स मॅडिसन. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन वेगळे, हे त्यांच्या नात्यातले. बिशप वर्गात माणसाच्या हक्कांवर बोलत असताना कोल्सनी विचारलं, की हे तत्त्व खरं असेल तर एक माणूस दुसऱ्या माणसाचा मालक कसा होऊ शकतो? बिशपांनी प्रामाणिकपणे मान्य केलं, की तत्त्वानं गुलामगिरीचं समर्थन करताच येत नाही. ती आहे, आणि घालवणं अवघड आहे, म्हणून चालू आहे, एवढंच.

बहुतेक विद्यार्थी इथं वही मिटतात. कोल्सनी मात्र मनाशी ठरवलं, की वारशानं गुलाम वाट्याला आले तर आपण ते ठेवायचे नाहीत. हा बेत त्यांनी वडिलांना कळू दिला नाही, कारण कळला असता तर वारसाच मिळाला नसता आणि कुणाची सुटकाही झाली नसती. १८०८ मध्ये वडील वारले. जमीन आणि गुलाम वाट्याला आले. कोल्सनी बेत सांगितला तेव्हा घरच्यांनी विरोध केला. शिवाय व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे मुक्त केलेल्या गुलामाला वर्षभरात राज्य सोडावं लागे. म्हणजे मुक्त करायचं आणि लगेच बेघर करायचं!

१८१० ते १८१५ या काळात कोल्स राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे खासगी सचिव होते. तिथूनच ३१ जुलै १८१४ रोजी त्यांनी जेफरसनना पत्र लिहिलं. आशय असा, की तुमच्या शब्दाला वजन आहे, गुलामगिरी संपवण्याच्या कामात तुम्ही पुढाकार घ्या. जेफरसन तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि कोल्स २७ चे. उत्तर आलं. गुलामगिरी अन्यायाची आहे हे जेफरसननी मान्य केलं, पण हे काम तरुणांचं आहे, माझ्याकडून फक्त प्रार्थना, असंही लिहिलं. वर सल्ला दिला, की तुम्ही व्हर्जिनिया सोडू नका, आपल्या गुलामांना नीट सांभाळा. कोल्सनी अदबीनं पण ठाम उत्तर पाठवलं. लोकमत बदलायचं तर लोकांचा विश्वास कमावलेली वडीलधारी माणसंच हवीत. फ्रँकलिन तर याहून उतारवयात या कामाला लागले होते!

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला या पत्रव्यवहारात सापडतं. जेफरसनना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. कळणं आणि करणं यांत जे अंतर असतं, ते त्यांनी पुढच्या पिढीच्या नावावर टाकलं.

१८१९ च्या वसंतात कोल्सनी व्हर्जिनिया सोडलं. बरोबर त्यांचे गुलाम होते, पण पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं. पिट्सबर्गहून सपाट तळाच्या दोन बोटी घेऊन मंडळी ओहायो नदीतून निघाली. एका सकाळी कोल्सनी दोन्ही बोटी एकमेकींना बांधायला सांगितल्या, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, की तुम्ही आता माझ्याइतकेच स्वतंत्र आहात. हवं तर इथं उतरा, हवं तर माझ्याबरोबर चला. कोल्सनी पुढे लिहून ठेवलंय, की आधी कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग कुणी रडलं, कुणी हसलं. इलिनॉयमध्ये पोहोचल्यावर त्यांनी प्रत्येक कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन दिली. नुसती मुक्ती दिली आणि पोटाची सोय केली नाही, तर ती फार दिवस टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

गोष्ट इथं संपली असती तर कोल्स एक भला माणूस म्हणून लक्षात राहिले असते. पण १८२२ मध्ये ते गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. इथं एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. तिकडच्या गव्हर्नरला मतदार निवडतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. कामाच्या दृष्टीनं तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. चार उमेदवारांत कोल्सना २,८५४ मतं पडली, दुसऱ्या क्रमांकाला २,६८७. म्हणजे एकूण मतांच्या जेमतेम एक-तृतीयांशावर ते निवडून आले. विरोधी मतं विभागली गेली म्हणून जमलं.

१७८७ च्या वटहुकमानं ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती आणि इलिनॉयच्या १८१८ च्या घटनेतही ती बंदी आली होती. प्रत्यक्षात मात्र जुन्या फ्रेंच वसाहतींतले गुलाम तसेच होते, आणि करारानं बांधलेले नोकर या नावाखाली माणसं राबवली जात होती. कोल्सनी पहिल्याच भाषणात हे सगळं बंद करा अशी मागणी केली. विधिमंडळ खवळलं. उलट घटनाच बदलून गुलामगिरीला मोकळी वाट द्यायचा बेत शिजला. त्यासाठी आधी दोन-तृतीयांश मतं लागत, मग घटना-परिषद भरवायची की नाही यावर जनतेचा कौल. प्रतिनिधिगृहात एक मत कमी पडलं. मग काय केलं? आधीच वैध ठरवलेल्या एका सदस्याची निवड रद्द करून त्याच्या जागी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला बसवलं आणि १८२३ च्या फेब्रुवारीत ठराव मंजूर करून घेतला. त्या रात्री जमावानं शिंगं फुंकत, आरडाओरडा करत गव्हर्नरच्या निवासासमोर धिंगाणा घातला.

पुढचे अठरा महिने प्रचाराचे. कोल्सनी गव्हर्नर म्हणून मिळणारा चार वर्षांचा पगार या कामात घातला. राजधानीतलं एक वर्तमानपत्र ताब्यात घेतलं, पत्रकं छापून गावोगाव वाटली. मॉरिस बर्कबेक या इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यानं 'जोनाथन फ्रीमन' या टोपणनावानं साध्या भाषेत पत्रं लिहिली. जॉन मेसन पेक यांच्यासारखे धर्मोपदेशक गावोगाव फिरले. २ ऑगस्ट १८२४ रोजी मतदान झालं. परिषदेच्या बाजूनं ४,९७२ मतं, विरोधात ६,६४०. फक्त १,६६८ मतांच्या फरकानं इलिनॉय वाचलं.

याच काळात कोल्सवर खटला भरला गेला. मुक्त केलेल्या प्रत्येक माणसामागे हजार डॉलरचा जामीन दिला नाही, म्हणून २,००० डॉलर दंड ठोठावला. शेवटी १८२६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. राजकारणात त्यांना पुन्हा यश मिळालं नाही. १८३१ मध्ये काँग्रेसची निवडणूक हरले आणि पुढे फिलाडेल्फियात स्थायिक झाले.

त्यांना देव्हाऱ्यात बसवावं असं मी म्हणत नाही. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत जाऊन वसावं, या विचाराला त्यांचा पाठिंबा होता. इलिनॉयमध्ये कृष्णवर्णीयांवर बंधनं घालणारे कायदेही १८६५ पर्यंत टिकले. आणि आयुष्यानं त्यांच्यावर उगवलेला सूड पाहा. त्यांचा मुलगा रॉबर्ट्स व्हर्जिनियात जाऊन राहिला, यादवी युद्धात गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेच्या बाजूनं लढला आणि १८६२ मध्ये रोनोक बेटावर मारला गेला. बापानं सोडलेला वारसा मुलानं पुन्हा उचलला. गुलामगिरी कायद्यानं संपलेली मात्र कोल्सनी डोळ्यांनी पाहिली. ७ जुलै १८६८ रोजी ते वारले.

पाचच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' पुण्यात प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामात स्वतःला झोकून दिलं. जोतीरावांनी त्यात कुणाचं नाव घेतलेलं नाही. पण ती अर्पणपत्रिका वाचताना मला आता ओहायो नदीतल्या त्या दोन बोटी दिसतात.

पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देते. आपापलं उत्तर लिहून आणा.

१. बिशपांनी वर्गात दिलेलं उत्तर पुरेसं होतं का? त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?

२. कोल्सनी आपला बेत वडिलांपासून लपवला. ते योग्य होतं का?

३. चुकीची आहे हे पटूनही आपल्या घरात चालू असलेली एखादी गोष्ट कोणती? हे उत्तर मला दाखवायची सक्ती नाही.

आणि ज्या मुलीनं त्या दिवशी हात वर केला होता तिला एवढंच, की तुझा प्रश्न घंटेनं तोडला, पण संपवला नाही. पुढच्या वेळी पहिला हात तुझा.