पाण्यात उतरण्याआधी तळ विचारा

सिंधुदुर्गातल्या मसुऱ्यात सुट्टीला आलेल्या माणसाने एक सकाळ कालावलच्या खाडीत काढली, दुसरी तोंडवळीच्या किनाऱ्यावर आणि तिसरी गड नदीच्या वरच्या अंगाला, तर त्याच्या पायाखाली तीन निराळे तळ येतात. खाडीत चिखल आणि त्यात दडलेली कालवे. तोंडवळीला मऊ वाळू, पण मे महिन्याच्या दुपारी चटके देणारी. नदीत शेवाळलेले गोटे. तिथून मालवणला रॉक गार्डनच्या बाजूला गेले की खडकही आलाच. मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी मात्र या सगळ्यासाठी बुटांचा एकच जोड बॅगेत घालतात, आणि तोही बहुतेक वेळा रंग बघून घेतलेला असतो.

मूळचा मसुऱ्याचा, नोकरीमुळे ठाण्यात राहणारा एक चाकरमानी आपल्या मुलाचा अनुभव भेटेल त्याला सांगतो. मुलाला पाण्यात घालायला म्हणून मोज्यासारखे मऊ बूट घेतले होते. वाळूवर ते छान चालले. सुकतीच्या वेळी मुले खाडीत शिवल्या काढायला निघाली, तेव्हा शेजारच्या काकीने हटकलेही, “पायात जाड कायतरी घाल रे, कालवां पाय कापतली.” बूट आहेत की, म्हणून तो उतरला. कालवाची धार पातळ तळातून आरपार गेली. जखम वरून लहान दिसत होती म्हणून घरीच हळद दाबली. पाय सुजून ठणकू लागल्यावर मुलाला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा आतून शिंपल्याचा कपचा निघाला. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आणि उरलेली सुट्टी पडवीत बसून गेली.

त्या मुलाचे बूट वाईट नव्हते, वाळूचे होते. मोज्यासारखा बूट वाळूच्या चटक्यापासून आणि बारीक शिंपल्यांपासून पाय वाचवतो, त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षा धरू नये. खाडीत आणि खडकावर बूट बोटांकडून बंद हवा, टाच धरून ठेवणारा हवा आणि तळ खऱ्या रबराचा, अंगठ्याने दाबून सहज न वाकणारा हवा. हलक्या फोमचा तळ जाड दिसतो, पण कालवापुढे टिकत नाही. नदीच्या गोट्यांवर गोष्ट पुन्हा बदलते. तिथे कडक प्लास्टिकचा तळ सरकतो. मऊ रबर आणि त्यावर बारीक चिरा असल्या की ओल्या दगडावर पकड मिळते. कणकवलीजवळच्या सावडावच्या धबधब्याखाली उभे राहणाऱ्याला हा फरक पहिल्या दोन पावलांत कळतो. चिखलात मात्र मोठे खाचे असलेला तळ बरा.

स्लिपर चिखलात रुततात आणि लाटेत वाहून जातात. मोकळ्या क्लॉगचेही तेच. पाणी आत शिरणारच, ते झटकन बाहेर पडले पाहिजे. म्हणून कडेला किंवा तळाला भोके असलेला बूट घ्यावा. दुकानात जायचे तर संध्याकाळी, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असताना जावे. बूट घट्ट बसला पाहिजे, कारण भिजल्यावर तो सैल होतो, आणि सैल बुटात वाळू गेली की टाचेला फोड ठरलेला. नवा बूट सुट्टीआधी घरीच ओला करून घालून चालून पाहावा. पैसे वाचवायचे असतील तर रबरी तळाचे जुने कॅनव्हासचे बूट, लेस नीट बांधून, खाडीसाठी पुष्कळ चांगले.

काही गोष्टी मात्र कोणत्याच बुटाने टळत नाहीत. २०१३ च्या गणेशोत्सवात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेकांना पाकट माशांनी दंश केला. वाळूत दबून बसलेल्या पाकटावर पाय पडला की ते शेपटीचा काटा मारते, आणि हा काटा कापडी बुटातूनही घुसतो. त्यावर उपाय चालण्यात आहे. उथळ पाण्यात पाऊल न उचलता तळाशी घासत पुढे जावे, म्हणजे पाकट आधीच निघून जाते. काटा लागलाच तर भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात पाय बुडवावा, कारण उष्णतेने विषाचा जोर ओसरतो, आणि लगेच दवाखाना गाठावा. गमबूट चिखलाला उत्तम, पण खोल पाण्यात ते भरतात आणि पाय हलवणे जड करतात. ते घालून कमरेएवढ्या पाण्यात कोणी जाऊ नये.

ओढीच्या पाण्याशी तर पायातल्या वस्तूचा संबंधच नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेले आठजण बुडाले. भरती-सुकतीची वेळ आणि धोक्याच्या जागा गावातल्या मच्छीमारांना विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे.

मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी उतरूच नये. त्यांच्या पायाला कापलेले कित्येकदा जाणवत नाही आणि जखम लवकर भरत नाही. पावसाळ्यात पायाला ओरखडा असेल, तर साचलेल्या पाण्यात बूट घालूनही जाणे टाळावे. लेप्टोचे जंतू अशाच जखमेतून शिरतात आणि सिंधुदुर्गाला हा आजार नवा नाही.

घरी आल्यावर बूट गोड्या पाण्यात खळबळून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत. कडक उन्हात तळाचा गोंद सुटतो. आणि मुलांचे गेल्या मे महिन्यातले बूट यंदा गाडीत टाकण्याआधी त्यांच्या पायात घालून बघा. वर्षभरात पाय वाढलेला असतो.