कुलपाआधी कोयंडा पाहा



गटागटांत फिरताना आम्ही पाहतो, की उसाचे बिल जमा झाले की जाडजूड कुलूप घरात येते आणि जुन्याच कोयंड्याला लागते. रात्रीचे पाणी धरायला घरधनी उसात गेला, की वस्तीवर मागे राखणीला दारच असते. चोर कुलूप फोडत बसत नाही. पहार घालून कोयंडाच स्क्रूसकट उपटतो.

म्हणून कडी-कोयंडा नुसत्या स्क्रूवर ठेवू नये. फळीतून आणि चौकटीतून आरपार बोल्ट घालावेत, गोल डोके बाहेर. आतून लोखंडी पट्टी देऊन नट आवळावा. साध्या वायसरवर लाकूड दबते. कडी अशी घ्यावी, की बंद केल्यावर तिच्या पट्टीखाली बोल्ट झाकले जातील. चौकट वाळवीने पोखरली असेल तर आधी सुतार बोलवा. भुशात बोल्ट काय धरणार?

कुलूप सहा लिव्हरचे तरी असावे. दांडी जाड हवी आणि कोयंड्यात पहारीचे टोक शिरेल एवढी फट राहू नये. दोन झडपांचे दार असेल तर बांधीव झडपेला वर-खाली खिट्ट्या हव्यातच.

रात्री आतून मात्र किल्लीचे कुलूप लावून झोपू नये, अडसर बरा. आग लागली, साप निघाला, तर अंधारात किल्ली कोण शोधणार?

कुलपात तेल ओतू नका, धूळ धरते. शिसपेन्सिलीची पूड टाकावी.